जाब कुणी विचारायचा, आणि कशाचा?

न्यायाधीशांचं निवृत्तीवय ही कायद्याच्या पुस्तकातली बहुधा सगळ्यात रुक्ष तरतूद. एक आकडा असतो, वाचणारा पुढे सरकतो. पण गेल्या पंधरा वर्षांत जी सरकारं न्यायसंस्था ताब्यात घ्यायला निघाली, त्यांतल्या अनेकांचा हात आधी याच आकड्यावर पडला. हंगेरीने २०१२ पासून हे वय ७० वरून थेट ६२ वर आणलं. अडीचशेहून जास्त न्यायाधीश त्या कचाट्यात सापडले, आणि वय जास्त तसं पदही वरचं, त्यामुळे न्यायालयांचे प्रमुख त्यात भरपूर होते. पोलंडने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुरतं ७० चं ६५ केलं. ७२ पैकी २७ न्यायाधीशांची मुदत त्यामुळे संपली. त्यात प्रमुख न्यायाधीश मावगोझाता गेर्सडोर्फही होत्या, ज्यांच्या पदाची सहा वर्षांची मुदत राज्यघटनेतच लिहिलेली होती. एल साल्वादोरने २०२१ मध्ये साठी ओलांडलेल्या किंवा ३० वर्षं सेवा झालेल्या न्यायाधीशांना निवृत्त करणारा कायदा केला. देशातले सुमारे एक तृतीयांश न्यायाधीश त्या व्याख्येत बसत होते.

वय कमी करणं हा अर्धाच डाव. खरी मेख पुढच्या कलमात असते: ज्याला पदावर राहायचं असेल त्याने अर्ज करावा, योग्य वाटल्यास परवानगी मिळेल. पोलंडमध्ये ही परवानगी राष्ट्राध्यक्षांच्या हातात होती. कोणत्या निकषावर द्यायची ते कायद्यात नव्हतं, नाकारली तर दाद मागायची सोय नव्हती. एल साल्वादोरच्या कायद्यातही मर्जीने ठेवून घ्यायची वाट होती. म्हणजे गेले ते गेलेच, पण राहिले त्यांनाही कळून चुकतं की आपण कुणाच्या सहीवर राहिलो आहोत. पुढच्या महिन्यात सरकारविरुद्धचा खटला त्यांच्यासमोर येतो, तेव्हा कुणाला फोन करावाच लागत नाही.

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने हंगेरीचा बदल नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदा ठरवला आणि पोलंडचा जून २०१९ मध्ये. कागदावर दोन्ही विजय सारखेच. प्रत्यक्षात हंगेरीत निकाल येईपर्यंत रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती. भरपाई मिळाली, परत येण्याची मुभाही मिळाली, पण न्यायालयाचं प्रमुखपद गेलं ते बहुतेकांच्या हाती पुन्हा आलं नाही. पोलंडच्या बाबतीत त्याच न्यायालयाने अंतिम निकालाची वाट न बघता ऑक्टोबर २०१८ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि न्यायाधीश आपापल्या दालनात परतले. मला या दोन गोष्टींतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशाच्या नोकरीचं संरक्षण किती पक्कं, हे कायद्याच्या शब्दांपेक्षा स्थगिती किती लवकर मिळते यावर ठरतं.

आणि या प्रत्येक बदलाला दिलेलं कारण जवळपास एकच होतं: उत्तरदायित्व. जुन्या राजवटीतली माणसं अजून बसली आहेत, न्यायाधीशांनी आपली वेगळी जात करून ठेवली आहे, भ्रष्टाचार मुरला आहे, लोकांना कुणी विचारत नाही. हे सगळं खोटं असतं तर लढाई सोपी होती. पण त्यात थोडंफार तथ्य असतं, आणि लोकांनी ते सोसलेलं असतं. ज्या न्यायसंस्थेने स्वतःच्या घरातली तक्रार कधी वेळेत, उघडपणे निकालात काढली नाही, तिच्यावर सरकार चालून येतं तेव्हा तिच्या बाजूने उभं राहायला फारसं कुणी बाहेर पडत नाही. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व ही एकाच तराजूची दोन पारडी मानून, एक वाढलं की दुसरं घटणार, असं बोलण्याची रीत आहे. मला ती चुकीची वाटते. उत्तरदायित्वाची चोख आणि सावध व्यवस्था ज्यांनी आधी उभारली, त्यांच्यावर सुधारणेच्या नावाने घाला घालणं अवघड जातं.

इंग्लंडने याची पहिली घडी बसवली ती १७०१ च्या कायद्याने. त्याआधी न्यायाधीश राजाच्या मर्जीपर्यंत पदावर असे. एडवर्ड कोक यांना पहिल्या जेम्सने १६१६ मध्ये असंच घरी पाठवलं होतं. नव्या कायद्याने सांगितलं की वर्तन चांगलं आहे तोवर न्यायाधीश पदावर राहील, पगार ठरलेला असेल, आणि काढायचंच तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तशी विनंती करावी लागेल. तीनशे वर्षांत या वाटेने पदावरून गेलेला न्यायाधीश एकच: आयर्लंडच्या नाविक न्यायालयाचे जोनाह बॅरिंग्टन, १८३० मध्ये, न्यायालयात जमा झालेल्या पैशांवर हात मारल्याबद्दल. अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत हीच कल्पना घेतली आणि न्यायाधीश पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येणार नाही असं बजावलं.

पण चांगलं वर्तन म्हणजे काय? इथे अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण रेघ ओढून देतं. सर्वोच्च न्यायालयाचे सॅम्युअल चेस हे उघड पक्षपाती बोलायचे, खटले चालवताना बचावाच्या वकिलांना धारेवर धरायचे. १८०४ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. १८०५ मध्ये सिनेटने त्यांना सोडलं, एकाही आरोपावर दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. चेस यांच्याबद्दल आदर वाटावा असं त्या प्रकरणात फारसं काही नाही. तरी सिनेटचा निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, कारण निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीशाला काढायची वाट त्या दिवशी बंद झाली. तिथे आजवर १५ संघीय न्यायाधीशांवर महाभियोग चालला आणि आठजण पदावरून गेले. लाचखोरी, करचुकवेगिरी, खोटी शपथ अशी कारणं त्यात वारंवार दिसतात.

निकाल चुकला तर त्याची जागा अपिलात. न्यायाधीशाने पैसे घेतले, नातं लपवलं, निकाल वर्षभर दाबून ठेवला, साक्षीदाराला शिवीगाळ केली, सहकाऱ्याच्या कानात एखाद्या पक्षकाराची शिफारस घातली, तर त्याची जागा शिस्तभंगाच्या चौकशीत. ही वाटणी ऐकायला सोपी आहे. अडचण अशी की पहिल्या प्रकारचा राग दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे कपडे घालून येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायाधीशांच्या वर्तनाच्या तक्रारींसाठी २०१३ पासून स्वतंत्र कार्यालय आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. आलेल्या तक्रारींचा मोठा गठ्ठा निकालाबद्दलच्याच नाराजीचा असतो आणि तो दारातच परत जातो. जी तक्रार टिकते तिला चार पायऱ्या आहेत: औपचारिक सल्ला, औपचारिक ताकीद, ठपका, पदावरून दूर करणं. निर्णय लॉर्ड चॅन्सेलर (सरकारातले न्यायमंत्री) आणि लॉर्ड चीफ जस्टिस (न्यायाधीशांचे प्रमुख) मिळून घेतात, सरकारला एकट्याने हात घालता येत नाही आणि न्यायाधीशांना एकट्याने पांघरूण घालता येत नाही. ठपका ठेवला की न्यायाधीशाच्या नावानिशी निवेदन प्रसिद्ध होतं.

मधल्या पायऱ्या नसल्या की काय होतं ते भारताने पाहिलं आहे. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, मग तिघांची समिती, त्यात एक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेपंडित. समितीने दोषी धरलं तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. ठराव पडला. न्यायमूर्ती पुढच्या वर्षी वयोमानानुसार निवृत्त झाले. २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत मंजूर झाला, लोकसभेत यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. महाभियोग ही तोफ आहे. ती एकतर डागलीच जात नाही, नाहीतर समोरचा आधीच निघून जातो, आणि जी चूक तोफेच्या लायकीची नाही तिला कुठलंच शस्त्र लागू पडत नाही.

ही मधली पोकळी भरायला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. तक्रारीत तथ्य दिसलं तर सरन्यायाधीश तीन न्यायाधीशांची समिती नेमतात. आरोप गंभीर ठरले तर राजीनाम्याचा सल्ला दिला जातो. तो मानला नाही तर त्या न्यायाधीशाला काम दिलं जात नाही आणि राष्ट्रपती व पंतप्रधानांना कळवलं जातं. पद्धत वाईट नाही. दुखणं आहे ते अहवाल गोपनीय ठेवण्यात. चौकशी सुरू असताना गुप्तता हवीच, नाहीतर खोट्या तक्रारीनेच माणूस संपतो. पण चौकशी संपल्यावर, आरोप खरा की खोटा हे ठरल्यावर, मौन कशासाठी? निर्दोष सुटलेल्या न्यायाधीशालाही त्या मौनाचा उपयोग होत नाही, कारण लोक तर्क करतच राहतात.

दक्षिण आफ्रिकेत गुप्तता नव्हती, तरीही गाडी रुतली. केप टाउनच्या उच्च न्यायालयाचे प्रमुख जॉन ह्लोफे यांनी राजकीय नेते जेकब झुमांशी संबंधित प्रकरणांबाबत घटनात्मक न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांवर प्रभाव टाकायचा प्रयत्न केला, अशी तक्रार त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी २००८ मध्ये केली. लवादाने गंभीर गैरवर्तन सिद्ध धरलं ते २०२१ मध्ये. संसदेने त्यांना पदावरून काढलं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, ३०५ विरुद्ध २७ मतांनी. सोळा वर्षं. मधल्या काळात बहुतेक वेळ ते त्याच न्यायालयाचा कारभार पाहत होते. प्रत्येक टप्प्यावर आव्हान, प्रत्येक आव्हानावर अपील, आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांपैकी कोण आधीच या वादात गुंतलेला आहे याचा घोळ. न्यायाधीशाला बचावाची पूर्ण संधी द्यायला हवी. पण शिस्तभंगाच्या प्रक्रियेत दर टप्प्याला कालमर्यादा नसेल आणि चौकशीभर संबंधित न्यायाधीशाला प्रशासकीय अधिकारांपासून दूर ठेवण्याची आपोआप लागू होणारी तरतूद नसेल, तर आरोप सिद्ध होईपर्यंत शिक्षेला अर्थ उरत नाही.

नेमणुकांबद्दल इतकं लिहिलं जातं की मी थोडक्यात आटोपतो. युरोपात बऱ्याच देशांनी न्यायाधीशांच्या नेमणुका पाहणाऱ्या न्यायपरिषदेचा मार्ग धरला, पण परिषद म्हणजे शेवटी माणसंच. पोलंडच्या २५ सदस्यांच्या परिषदेत १५ जागा न्यायाधीशांच्या. त्या पूर्वी न्यायाधीश निवडायचे, डिसेंबर २०१७ च्या कायद्याने त्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेल्या. नाव तेच, संख्या तीच, फक्त मतदार बदलला, आणि संस्था पालटली. उलट टोकाला इटली. तिथल्या परिषदेत दोन तृतीयांश निवडून येणारे सदस्य न्यायाधीश आणि सरकारी अभियोक्तेच ठरवतात. तिथे गट पडले, आणि २०१९ मध्ये रोमच्या मुख्य अभियोक्त्याची नेमणूक कशी जुळवायची याची खलबतं एका हॉटेलात राजकारण्यांसह चालल्याचं तपासात एका फोनमध्ये गुपचूप बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्रणेमुळे उघड झालं. परिषदेच्या अनेक सदस्यांना जावं लागलं. भारतात १९९३ पासून न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. नेमणुकांसाठी आयोग आणणारी २०१४ ची घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द केली. सरकारचा हात दूर राहिला हे मला पटतं. एखादं नाव का निवडलं आणि दुसरं का वगळलं हे बाहेर कळत नाही, हे मला अजिबात पटत नाही. केनियात सरन्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्या मुलाखती टीव्हीवर थेट दाखवतात. त्यात दिखाऊपणा येतो, उमेदवाराला नको ते प्रश्न विचारले जातात. तरीही, बंद दाराआडच्या कुजबुजीपेक्षा मी ती मुलाखत निवडेन.

मग लोकांनीच न्यायाधीश निवडावेत का? या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी दिलं. संघराज्याच्या न्यायिक जागांसाठी मतदाराच्या हातात सहा मतपत्रिका पडल्या, त्यांवर अनोळखी नावांची रांग. मतदान झालं जेमतेम १३ टक्के. कुठल्या चौकटीत कुठला क्रमांक लिहायचा हे सांगणाऱ्या घडीच्या चिठ्ठ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. हे घडणारच होतं: नाव माहीत नसेल तर मतदार चिठ्ठीवर विसंबतो, आणि चिठ्ठी छापायची ताकद संघटनेकडेच असते. त्याच सुधारणेत पाच निर्वाचित सदस्यांचं शिस्तपालन न्यायाधिकरणही आलं, ज्याचा निर्णय अंतिम, त्यावर अपील नाही. मला निवडणुकीपेक्षा याची जास्त धास्ती वाटते. बोलिव्हियाने २०११ मध्ये हाच प्रयोग केला तेव्हा निम्म्याहून जास्त मतं कोरी किंवा बाद निघाली होती.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीश निवडून येतात, आणि पैसा कुठून शिरतो ते तिथे स्वच्छ दिसतं. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलर्सचा निकाल लागला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे ठाऊक असताना कंपनीच्या प्रमुखाने २००४ च्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर्स खर्च केले. उमेदवार निवडून आला, खटल्यातून बाजूला व्हायला त्याने नकार दिला, आणि निकाल तीन विरुद्ध दोनने फिरला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं. तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

यापेक्षा शांत, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, जागा म्हणजे कोणतं प्रकरण कुणासमोर लागणार हे ठरवणारं टेबल. सगळे न्यायाधीश प्रामाणिक असले तरी त्यांचा कल सारखा नसतो. जामिनाबाबत कोण सैल आणि कोण कडक हे त्या न्यायालयातल्या कुठल्याही वकिलाला पाठ असतं. त्यामुळे वाटप ज्याच्या हातात, त्याला निकालावर बोलायची गरजच उरत नाही. जर्मनीने ही गोष्ट थेट राज्यघटनेत घातली: कुणालाही त्याच्या कायदेशीर न्यायाधीशापासून दूर नेता येणार नाही. हे अमलात कसं येतं ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक न्यायालयात न्यायाधीशांनी निवडलेलं एक मंडळ असतं. ते वर्ष सुरू होण्याआधी त्या पूर्ण वर्षाचा वाटप आराखडा लेखी ठरवतं: अमुक विषय अमुक पीठाकडे, आणि विषयाच्या आत वाटणी आडनावाच्या आद्याक्षराने किंवा दाखल होण्याच्या क्रमाने. न्यायाधीश आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हेही आधीच लिहिलेलं. पीठात तीनपेक्षा जास्त न्यायाधीश असतील तर त्यातले कोणते कोणत्या प्रकरणाला बसतील, यालाही लेखी नियम. वर्षाच्या मध्ये बदल करायचा तर कामाचा अतिभार, न्यायाधीश बदलणं, दीर्घ गैरहजेरी अशी मोजकीच कारणं चालतात. आराखडा कुणालाही पाहता येतो. आणि चुकीच्या पीठासमोर प्रकरण चाललं हे दाखवता आलं तर तेवढ्यावर निकाल उलटू शकतो. शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण नियम पाळला जातो आहे की नाही यावर नजर ठेवायचं काम त्यामुळे हरणाऱ्या पक्षकाराच्या वकिलाकडे जातं, आणि त्याच्याइतका चिकट निरीक्षक दुसरा मिळणार नाही.

भारतात १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेतली, तिच्या मुळाशी हेच टेबल होतं: महत्त्वाची प्रकरणं निवडक पीठांकडे जातात, ही तक्रार. नंतर विषयवार वाटप संकेतस्थळावर जाहीर होऊ लागलं. पण सरन्यायाधीशच वाटपाचे सर्वाधिकारी, हे न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा सांगितलं. संगणकाने चिठ्ठी काढून वाटप करणं हा अनेक देशांचा उपाय आहे. तो लावताना तीन गोष्टी हमखास बिघडतात. रजेवर असलेल्यांची नावं वेळेवर काढली-घातली जात नाहीत आणि वाटप त्याच एक-दोघांवर येऊन पडतं. संलग्न प्रकरण म्हणून शिक्का मारून हवं त्या पीठाकडे नेण्याची पळवाट राहते. आणि हाताने केलेल्या फेरवाटपाची नोंद राहत नाही. तेव्हा संगणक आहे का, यापेक्षा हाताने बदललेल्या वाटपांची यादी कारणासकट कुणाला बघता येते, हे विचारावं.

न्यायाधीशाला बाहेरच्यांपासून वाचवणं पुरत नाही, त्याला वरच्या न्यायाधीशापासूनही वाचवावं लागतं. जपानमध्ये ११ मे १८९१ रोजी ओत्सु गावी बंदोबस्तावरच्या एका पोलिसाने रशियाचा युवराज निकोलस याच्यावर तलवार चालवली. युवराज जखमी झाला. रशियाच्या रागाला भ्यालेल्या सरकारला हल्लेखोराला फाशी हवी होती, आणि त्यासाठी जपानी राजघराण्यावरच्या हल्ल्याचं कलम लावावं असा दबाव आला. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा कोरेकाता काही दिवसांपूर्वीच पदावर आले होते. परदेशी युवराजाला ते कलम लागू होत नाही, हा साधा खुनाचा प्रयत्न आहे, यावर ते ठाम राहिले, आणि २७ मे रोजी शिक्षा झाली ती जन्मठेपेची. जपानमध्ये हा न्यायालयीन स्वातंत्र्याचा मानबिंदू मानला जातो. पण कोजिमा त्या खटल्याच्या पीठावर नव्हतेच. पीठावरच्या न्यायाधीशांना गाठून, समजावून त्यांनी मत वळवलं. कायद्याचा अर्थ त्यांचाच बरोबर होता, तरी आज कुठल्याही आचारसंहितेखाली ते वर्तन हस्तक्षेप ठरेल. पुढच्याच वर्षी काही सहकाऱ्यांसह पैसे लावून पत्ते खेळल्याचा आरोप त्यांच्यावर आला, शिस्तभंगाची कारवाई पुराव्याअभावी सुटली, आणि तरीही त्यांनी पद सोडलं.

सगळ्यात अवघड प्रश्न, संपूर्ण न्यायसंस्थाच किडलेली असेल तर काय करायचं? केनियाने २००३ मध्ये झटपट शस्त्रक्रिया केली. चौकशी अहवालानंतर २३ वरिष्ठ न्यायाधीशांची नावं वर्तमानपत्रांत छापून आली: दोन आठवड्यांत राजीनामा द्या किंवा न्यायाधिकरणाला सामोरे जा. बाजू मांडायची संधी आधी मिळालीच नव्हती. त्यातले फिलिप वाकी यांच्यासारखे न्यायाधीश पुढे निर्दोष ठरले. २००७-०८ च्या निवडणूक हिंसाचाराची चौकशी सरकारने त्यांच्याकडेच सोपवली. रिकाम्या जागी आलेले मात्र जुन्याच पद्धतीने नेमले गेले. २०१० च्या नव्या राज्यघटनेनंतर केनियाने पडताळणी मंडळ बसवलं, त्यात दक्षिण आफ्रिकेचे अल्बी सॅक्स यांच्यासारखे परदेशी न्यायाधीशही घेतले. प्रत्येक न्यायाधीशाला तक्रारी आधी कळवल्या, प्रत्येकाची सुनावणी घेतली, प्रत्येक निर्णय कारणांसह दिला. एप्रिल २०१२ मध्ये अपील न्यायालयाचे चार न्यायाधीश अपात्र ठरले. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षांची निवडणूक रद्द केली. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, पण दोन्हींचा संबंध नाही असंही म्हणवत नाही.

अल्बेनियाने २०१६ पासून सुमारे ८०० न्यायाधीश आणि अभियोक्त्यांना तीन चाळण्यांतून काढलं: मालमत्ता, गुन्हेगारी लागेबांधे, कामाची कुवत. मालमत्ता वैध मार्गाने आली हे सिद्ध करायचा भार न्यायाधीशावर. निम्म्याहून जास्त गेले किंवा स्वतःहून पायउतार झाले. त्या मालमत्ता तपासणीचं भलं मोठं यश आहे, आणि किंमतही तेवढीच मोठी: घटनात्मक न्यायालय २०१८ पासून जवळपास दोन वर्षं गणपूर्तीविना बंद पडलं, वरिष्ठ न्यायालयात प्रकरणांचे ढीग साचले. काढायचं वेळापत्रक केलं, भरायचं केलं नाही. पडताळणी हाती घेणाऱ्या कुणालाही माझं हेच सांगणं राहील की रिकाम्या जागा भरणारी यंत्रणा आधी चालू करा, मगच पहिली फाइल उघडा.

मालमत्ता जाहीर करणं हे एरवीही सगळ्यात स्वस्त आणि निरुपद्रवी साधन आहे, अट एकच, नियम सगळ्यांना सारखा लागू हवा. फिलिपिन्समध्ये सरन्यायाधीश रेनातो कोरोना यांना २०१२ मध्ये डॉलर खाती जाहीर न केल्याबद्दल महाभियोगाने काढलं. २०१८ मध्ये त्याच देशात सरन्यायाधीश मारिया लुर्देस सेरेनो यांना जुन्या मालमत्ता-पत्रकांचं कारण काढून त्यांच्याच न्यायालयाने आठ विरुद्ध सहा मतांनी घालवलं, महाभियोगाची घटनादत्त वाट बाजूला सारून. तेच पत्रक एकदा झाडू होतं, एकदा हत्यार.

हितसंबंधाचंही असंच. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांना अटकेपासून संरक्षण नाही, असा निर्णय ब्रिटनच्या लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, नोव्हेंबर १९९८ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. त्यातले एक, लॉर्ड हॉफमन, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलशी जोडलेल्या धर्मादाय संस्थेचे संचालक होते, आणि ॲम्नेस्टी त्या खटल्यात बाजू मांडत होती. त्यांनी पक्षपात केला असं कुणी सिद्ध केलं नाही. तरी महिन्याभरात तो निर्णय रद्द झाला आणि सात नव्या न्यायाधीशांनी पुन्हा सुनावणी घेतली. देशाच्या सर्वोच्च पीठाने स्वतःचा निर्णय इतक्या लवकर मागे घेतला, हे मला त्या खटल्याच्या निकालाइतकंच मोठं वाटतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःसाठी आचारसंहिता लिहिली, पण ती मोडली तर तक्रार कुणाकडे करायची ते त्यात नाही.

राहता राहिला उशीर. हा गैरवर्तनाचा सगळ्यात साधा प्रकार, आणि निकालाच्या मजकुराला हातही न लावता त्याचा जाब विचारता येतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पायऱ्या घालून दिल्या: युक्तिवाद संपल्यावर दोन महिन्यांत निकाल आला नाही तर मुख्य न्यायमूर्तींनी पीठाच्या लक्षात आणून द्यावं, तीन महिन्यांनंतर पक्षकाराने अर्ज करावा, सहा महिन्यांनंतर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्या अशी मागणी करता यावी. नियम चांगला, पण ज्याच्या समोर उद्या पुन्हा उभं राहायचं त्याच्याविरुद्ध अर्ज करायला वकील धजत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने हा भार पक्षकाराच्या डोक्यावरून काढला आहे. निर्णयासाठी आलेलं प्रकरण ९० दिवसांहून जास्त पडून असेल तर तोवर न्यायाधीशाला पगार घेता येत नाही, आणि तसं काही पडून नाही हे त्याने स्वतः शपथेवर लिहून द्यायचं. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९० च्या कायद्याने वेगळी युक्ती केली. सहा महिन्यांहून जास्त रखडलेल्या अर्जांची यादी वर्षातून दोनदा, न्यायाधीशाच्या नावासकट प्रसिद्ध होते. दंड नाही, ताकीद नाही, पगारकपात नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, यादीची तारीख जवळ आली की, अर्ज निकाली निघण्याचं प्रमाण उसळी मारतं. घाईत लिहिलेल्या आदेशांचा दर्जा घसरतो का, ही शंका रास्त आहे, आणि तिच्यासाठी अपील आहे.